फाटलेल्या दुधाचे वडे

सोलापुरात गिरणीतल्या एका गोऱ्या इंजिनिअराच्या घरी आमच्या म्हशींचं दूध जायचं. त्याची बायको रुमानिया नावाच्या देशातली होती. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. आम्ही नुसतं मडम म्हणायचो.

एका सकाळी ती स्वतःच आमच्या दारात आली. हातात फाटलेल्या दुधाचा, फडक्यात बांधलेला गोळा होता. मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "तुमच्या चुलीवर तळू? घरी एकटीला तळवत नाही."

गोळ्यात तिनं रवा, साखर नि अंडं मळलं. मधे भोक ठेवून वडे थापले आणि प्रत्येक वड्यावर बसवायला एकेक छोटी गोळी वळली. तळून झाल्यावर वर साय नि मोरंबा घालून ताटली आमच्यापुढं सरकवली. स्वतः मात्र एकालाही हात लावला नाही.

"आई असे करायची," ती म्हणाली. "दोन महिन्यांपूर्वी गेली. पत्र काल आलं. मधल्या दिवसांत मी तिला तीन पत्रं लिहिली."

आमच्याकडं माणूस गेलं की त्या घरात चूल पेटवत नाहीत. शेजारी येऊन कडू घास भरवतात.

माझ्या सासूबाई उठल्या. "बाय, तुला कडू घास कुनीच दिला न्हाय की गं," म्हणत त्यांनी वड्याचा तुकडा तिच्या तोंडात घातला. शब्द तिला कळले नसावेत. पण घास गिळता गिळता ती सासूबाईंच्या खांद्यावर कोसळली आणि मोठ्यानं रडली.

ती गेल्यावर सासूबाईंनी चुलीवर पाणी ओतलं. त्या दिवशी आमच्या घरात काही शिजलं नाही.