सतरा गाठींची विहीर

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे विहीर मोजली. मी दोरीला दगड बांधून आत सोडला. बुडाला टेकला तसा काठाशी दोरी धरून वर ओढला. तेवढी दोरी ती कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत मोजत गेली, हाताहाताला एक गाठ. सतरा भरल्या.

"मोटार एक एचपीचीच घ्या," ती म्हणाली. "शेजारच्यानं तीनची बसवली म्हणून तुम्ही नका नाचू. आपली विहीर उथळ, घटकाभरात कोरडी पडंल."

"बघू म्होरल्या साली."

"बारा वर्षं हेच आयकून राहिले. पाणी शेंदून खांदा गेला माझा."

चौथ्या दिवशी चहा पिऊन भिंतीला टेकली ती उठलीच न्हाई.

तेरावा झाला. घरात बसवंना, बाहेर थांबवंना. तिनं लावलेली मिरचीची रोपं माना टाकून राहिली होती. चार बादल्या शेंदल्या की माझी कंबर धरायची. ती रोपंबी गेली तर तिच्या हातचं काय उरतं? उठलो अन् रेणापूरला गेलो.

दुकानदार म्हणाला, "मामा, तीनची न्या. लई पाणी ओढती."

"एकची दे. घरून तसंच सांगितलंय."

"किती खोल हाय?"

"सतरा हात." दोरी घरी खुंटीलाच होती, तिला हात लावायची हिंमत झाली नव्हती. "गाळ लागू नये म्हणून दोन हात सोड. पंधरा हात पाईप दे." अन् माझ्याच हातानं पंधरा हात मोजून घेतला.

सांजच्याला मिस्त्रीनं काठावर मोटार बसवली. पाईपाच्या टोकाला पाणी धरून ठेवणारी झडप, फुटवाल, लावून आत सोडला अन् थांबला. "आबा, बुडाला टेकला वाटतं."

"न्हाई टेकत. मोजलंय म्या."

"तुम्हीच मोजलंय म्हणल्यावर..." त्यानं हवा निघावी म्हणून घागरभर पाणी ओतून मोटार भरली, बटण दाबलं. नुसता चिखल आला. मग चिखलबी यायचा थांबला. मिस्त्रीच्या भाच्याचं लगीन होतं. परवा येतो म्हणून निघून गेला. रोपं परवापर्यंत टिकणार न्हाईत हे मला दिसत होतं.

घरात येऊन खुंटीवरची दोरी काढली. पहिल्या गाठीला माझं कोपर लावलं. दुसरी गाठ माझ्या बोटांच्या मुळाशीच आली. सतरा हात तिचे होते, पाईप म्या माझ्या हातानं मोजला होता. बावळटासारखं. एवढासा हात होता तिचा. त्या हातानं बारा वर्षं पाणी शेंदलं अन् म्या म्होरलं साल म्हणत राहिलो.

सकाळी फटफटायला विहिरीवर गेलो. पाईप एकट्यानं वर ओढला, जमिनीवर सरळ पसरला, शेजारी दोरी ताणून ठेवली. तिच्या पंधराव्या गाठीवर करवतीनं कापला. फुटवालातला चिखल धुवून पुन्हा बसवला, पाईप आत सोडला, मोटारीत घागर ओतली अन् बटण दाबलं. आधी गढूळ आलं, मग नितळ. खोरं घेतलं अन् मिरचीच्या वाफ्याचं दार फोडून पाणी आत घेतलं.