पाळीचा तक्ता

आमच्या घराण्यात आजवर कुणी सही आणि कार्डापलीकडे काही लिहिलेले नाही. त्यामुळे मी लिहायला बसलो याबद्दल आधीच माफी मागतो. त्यातून विषय आईच्या पाळीचा आहे, म्हणून पुन्हा एकदा मागतो.

आम्ही कोऱ्हाळ्याचे. पाटाच्या पाण्यावर ऊस आणि उसावर आम्ही. मी पुण्याला इंटरच्या वर्गात होतो आणि घरात कॉलेजचे तोंड पाहिलेला पहिलाच असल्याने सगळ्यांचा समज असा की मला सगळे कळते. (हा समज मीही मोडला नव्हता.)

आईने तेव्हा पंचेचाळिशी ओलांडली होती. एरवी आई म्हणजे गाय! पण महिन्यातले आठ दिवस असे यायचे की आबा गोठ्यात म्हशीपाशी जाऊन बसायचे, आणि म्हैसही जरा आत सरकायची. दिवाळीच्या सुट्टीत मी ते डोळ्यांनी पाहिले. आबा जेवताना म्हणाले,

“कालवनात मीठ जरा...”

“जरा काय?”

“जरा... बरोबर हाय!”

“म्हंजी रोज चुकतंय?”

परात भिंतीवर गेली. मग आई खाली बसली आणि हमसून रडू लागली. आबा गोठ्यात पळाले. मी पळणार होतो, पण तिने माझा सदरा धरला.

“दत्तू, माझं मलाच कळंना झालंय रं. डोसक्यात मधमाश्याचं मोहोळ उठल्यागत हुतंय. मंग बाहेर बसलं की चार दिसात सगळं गप. पर त्या आधीचं आठ दिस... वाटतं, बोचकं उचलावं आन् इंदापूरला भावाकडं जावं ते माघारी यिऊच नये.”

ती विनोदाने बोलत नव्हती. मी तिला पुण्याला घेऊन गेलो.

डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या होत्या. त्या म्हणाल्या, “घाबरू नका. या वयात पाळी जायच्या बेताला आली की शरीरातला एक रस कधी चढतो, कधी उतरतो. त्यानं डोकं भडकतं. गोळ्यांनी तो जरा सावरता येतो. पाळी आली की पाचव्या दिवसापासून रोज एक गोळी, एकवीस दिवस. मग थांबायचं. कळलं?”

“कळलं,” आई म्हणाली.

मी छताकडे पाहत होतो. तिथे एक पाल होती. तिचाही चेहरा अवघडलेला वाटला.

“आणि पाळीच्या तारखा लिहून ठेवा,” बाई मला म्हणाल्या. “किती दिवस चालली, जोर कसा होता, सगळं. दर महिन्याला मला तक्ता आणून दाखवायचा. त्यावरून गोळ्या चालू ठेवायच्या की नाही ते ठरवू. तुम्ही शिकलेले आहात, तुमच्यावर सोपवते.”

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या घरात ‘पाळी’ असे कुणी म्हणत नसे. आई ‘बाहेर बसायची’, नाहीतर तिला ‘कावळा शिवायचा’. पण मी शिकलेला! कावळ्याबद्दल विचारायचे कसे? शिवाय कार्ड पोस्टातले सगळे वाचतात. तेव्हा आई गावी परतल्यावर मी डॉक्टरीणबाईंचा सभ्य शब्द उचलला, आईचे नावही टाळले, आणि आबांना कार्ड टाकले :

‘तीर्थरूप आबांस साष्टांग नमस्कार. पाळी केव्हा आली, किती दिवस चालली, जोर कसा होता, हे दर महिन्यास न चुकता कळवावे. लाजू नये.’

आठ दिवसांत उत्तर आले. आबा चौथी शिकलेले. अक्षर मोठे, मजकूर मोजका.

‘चि. दत्तूस आशीर्वाद. तू विचारलेस, फार बरे वाटले. आजवर तुझे इकडे लक्ष नव्हते. पाळी बारा तारखेस आली. दोन दिवस चालली. जोर नव्हता. मध्ये एक रात्र बंद पडली. पाटकऱ्यास बोललो आहे.’

पाटकरी म्हणजे पाटाचे पाणी सोडणारा सरकारी माणूस. मी लाजेने अर्धमेला झालो. आईची गोष्ट पाटकऱ्याला? त्याला काय कळते त्यातले? मी उलट टपाली लिहिले : ‘असे परक्या माणसास सांगू नये.’

उत्तर आले : ‘मग कोणास सांगावे? तो ऐकत नाही म्हणून साहेबास अर्ज करणार आहे. साऱ्या गावाच्या सह्या घेतो.’

त्या दिवशी मी जेवलो नाही.

पण कर्तव्य ते कर्तव्य. पाटकरी, साहेब आणि सह्या गाळून मी तांबड्या-निळ्या शाईने तक्ता आखला आणि बाईंना नेऊन दाखवला. त्यांनी सांगितले तसे गोळ्या कधी सुरू करायच्या ते घरी कळवले. दुसऱ्या महिन्यात आबांची तीन कार्डे आली. एकात, ‘पाळी आलीच नाही.’ दुसऱ्यात, ‘आली, पण पहाटे, कुणाला न सांगता.’ तिसऱ्यात, ‘काल जोर इतका की बांध फुटला. मी व शेजारी कंदील घेऊन उभे होतो.’

बांध फुटला! आबांची भाषा इतकी अलंकारिक असेल असे मला कधी वाटले नव्हते. शेजारी कंदील घेऊन का उभे होते, हा प्रश्न मनात आला. पण तो मी सभ्यपणाने दाबला.

तक्ता पाहून डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला.

“बांध फुटला म्हणजे?”

“खेड्यातली बोलण्याची पद्धत आहे,” मी म्हणालो.

“अहो, हे लक्षण चांगलं नाही. गोळ्या ताबडतोब बंद करा. त्यांना घेऊन या, तपासावं लागेल. कदाचित ऑपरेशन...”

पुढचे मला ऐकू आले नाही; तक्ता त्यांच्या टेबलावरच विसरून मी उठलो. ‘गोळ्या बंद, मी येत आहे,’ असे कार्ड टाकले आणि सोमवारी परीक्षा असूनही शनिवारी दौंडवरून बारामतीची गाडी धरली. ती गाडी इतकी सावकाश चालते की उतरून ढकलावी असे वाटले. आई या जगात आहे की नाही, या विचाराने मी डब्यात दोनदा रडलो. समोरच्या बाईने मला गुळाचा खडा दिला.

आबा बांधावर खोरे घेऊन उभे होते. मी धावत गेलो.

“आबा, आई कशी हाय?”

“आई? ती गेली की इंदापूरला. परवाच.”

“आन् रक्त?”

“कुनाचं रक्त?”

“आवो, पाळीचं! बांध फुटला म्हणून लिवलं न्हवं तुमी?”

आबांनी खोरे खाली ठेवले. आधी माझ्याकडे पाहिले, मग फुटलेल्या बांधाकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

“ह्यो काय बांध. उसात पानी शिरलं की सारं. तू कंची पाळी इचारत हुतास रं?”

मी मान खाली घालून घराकडे बोट दाखवले.

“दत्तू. मी तुला पाटाच्या पाळीचं कळवत हुतो. पान्याच्या पाळीचं. आपली मंगळवारची, कधी येती, कधी येत न्हाय. तू दुसरी कंची...”

मग त्यांना उमजले. बांधावर इतका लाल झालेला माणूस मी पाहिला नव्हता. (मी स्वतःला पाहू शकत नव्हतो.) दोन महिने मी उसाची पाळी डॉक्टरीणबाईंना दाखवत होतो! पाटाच्या पाण्यावर वाढलेला मी, आणि पुण्यात जाऊन पाळी म्हणजे पाण्याची हेच विसरलो.

“आन् तुझ्या त्या कार्डाबरहुकूम मी तिला गोळ्या घ्यायला सांगत हुतो की रं!” आबा कपाळाला हात लावून म्हणाले. “आन् परवा सांगितलं, बंद कर. तशी ती उठली, बोचकं घेतलं आन् गेली.”

“भांडून?”

“न्हाय! एक शब्द न्हाय बोलली. परात बी जागच्या जागी. त्याचंच तर भ्या वाटतंय मला.”

मलाही वाटले. तिने सांगितलेच होते, बोचके उचलीन ते माघारी येणार नाही. चांगल्या गोळ्या उसाच्या हिशेबाने खायला लावून, वर त्याही बंद करून, मी माझ्या हाताने तिला घराबाहेर काढले होते. इंदापूरला जायला वेळ नव्हता. मामांच्या पत्त्यावर कार्ड टाकले : ‘सर्व चूक माझी. गोळ्यांचे काय केलेस ते कळव. घरी ये.’

परीक्षा दिली. इतिहासाच्या पेपरात एका राजाने कालवे बांधले होते. तो प्रश्न मी सोडला. डॉक्टरीणबाईंकडे जायची छाती होईना. त्यांच्या दवाखान्याचा रस्ता टाळून मी लांबून मेसला जाऊ लागलो.

नवव्या दिवशी इंदापूरहून पाकीट आले. आईने सांगितले होते आणि मामीने लिहिले होते. मामी नुकतीच प्रौढांच्या वर्गात लिहायला शिकलेली, त्यामुळे ऐकले तसे उतरवलेले :

‘दत्तूस आशीर्वाद. गोळ्या बंद केल्या न्हाईत. तुजी कार्डं आबा वाचायचं, मी व्हय व्हय म्हनायची आन् बाईनी सांगितल्या दिसापास्नं गोळी घ्यायची. बाहेर बसल्याच्या दिसाच्या रेघा मारत हुते चुलीमागं. मोहोळ उठायचं ऱ्हायलंय, थोडं भुणभुणतं एवढंच. बंद कर म्हनून आलं तवा पटलं न्हाय, म्हनून मामाला घिऊन पुन्याला बाईकडंच जाऊन आले. सगळं बरं हाय, गोळ्या चालू ठेवा म्हनल्या. तुला बोलवू का म्हनत हुत्या, मी म्हनलं नगं, पोरगं लाजतंय. मी उद्या घरी जातीया. बाईनी तुजा तक्ता वाचून दावला, मी म्हनलं ह्यो तर आमच्या पाटाच्या पान्याचा हिशेब. त्यो त्यांनी ठिवून घेतलाय. लई हसल्या. म्हनल्या, उसाला गोळ्या लागू पडत असत्या तर त्याबी दिल्या असत्या.’