मागे वाढवलेले दोन पाटे

पवनारच्या ज्या घरी मी सहा वर्षं राहिलो, तिथे एक जुनी पिकअप होती, आणि दर रविवारी तिला नटवायला येणारा एक जावई होता. गाडी घरमालकांची, म्हणजे काकांची. वांगी, पालक आणि सांबार वर्ध्याच्या बाजारात नेणारी. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे मला तिकडे गेल्यावर कळलं. मी मूळचा चंदगडकडचा, नववीत शाळा सोडलेला. पुलगावच्या एका गॅरेजात हात काळे करत होतो, ते बंद पडलं तेव्हा काकांनी गाडी चालवायला आणि नीट ठेवायला मला ठेवून घेतलं. ठेवून घेतलं म्हणजे घरातच. गोठ्याशेजारची खोली दिली, आणि काकू मला जेवू घातल्याशिवाय स्वतः जेवत नसत. मुलखापासून इतक्या लांब कोण कुणाचं एवढं करतं? म्हणूनच रोज धास्ती असायची, की आपल्या हातून एक चूक होईल आणि हे सगळं जाईल.

जावई नागपूरचा. दहाचा पाना कुठला आणि बाराचा कुठला हे त्याला कळत नव्हतं, पण मोबाइलवर चार व्हिडिओ बघून आला की तो गाडीभोवती डॉक्टरसारखा फिरायचा. जिचा सायलेन्सर मी तारेने बांधून चालवत होतो, तिच्या टपावर त्याने दिव्यांची पट्टी बसवली. मग गाणं म्हणणारा हॉर्न आणला. मग सीटला लाल चकचकीत कव्हर, ज्यावरून काकू प्रत्येक वळणाला दाराकडे घसरायच्या. शेवटी मागच्या फाळक्यावर वाघ चिकटवला. वाघ पाठमोरा झोपल्यासारखा दिसत होता, पण सांगणार कोण?

"जवाईबापू म्हनतात तं लावून टाक," काका म्हणायचे. जावयाला नाही म्हणायची त्या घरात रीत नव्हती. मी लावून टाकायचो, आणि मनात म्हणायचो, याच्याएवढी शाळा शिकलो असतो तर मीही असाच बिनकामाचा झालो असतो.

हिवाळ्यात माल वाढला. भरलेली गाडी मागून इतकी बसायची की खड्ड्यात खालून ठोका यायचा. तेव्हा मी ठरवलं, खरं काम काय असतं ते यांना दाखवू. पुलगावच्या भंगारातून स्प्रिंगचे दोन जाड पाटे आणले, अंगणात गाडी जॅकवर चढवली आणि तीन दिवस खपून ते मागच्या पाट्यांच्या जुडीत घातले. गाडीचं बूड हातभर वर आलं. शेजारचे लोक बघायला आले. मी कपड्याला हात पुसत उभा होतो, जणू गाडी मीच जन्माला घातली.

रविवारी जावई आला. त्यालाही वाकून बघायचं होतं.

"मेकॅनिक भाऊ, हा दांडा कायले लटकून राह्यला?" मागच्या एक्सलवरून वर जाणाऱ्या एका बारीक दांडीकडे तो बोट दाखवत होता.

मी म्हटलं, कंपनीने दिलाय, तुम्ही स्टिकर बघा. खरं सांगायचं तर ती दांडी गॅरेजात शंभरदा दिसली होती, पण ती कशासाठी असते हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

सोमवारी सकाळी गाडी वांग्यांनी गच्च भरली. काकू नेहमीप्रमाणे पुढे बसल्या, कारण विकायच्या त्याच. धाम नदीच्या पुलाकडच्या उतारावर पुढे बस थांबली. मी ब्रेक दाबला. गाडीने नाक खाली घातलं आणि मागून कुणीतरी ढकलत असल्यासारखी ती पुढे जातच राहिली. घाबरून हॉर्न दाबून धरला, तर तो गाणं म्हणायला लागला. थांबलो तेव्हा बसच्या मागच्या काचेवरची धूळ मोजता आली असती. काकूंचं कपाळ डॅशबोर्डवर आदळलं होतं.

बाजार करून, रांगत रांगत घरी आलो. जावई मुक्कामालाच होता. काकांनी काकूंच्या कपाळावरचं टेंगूळ पाहिलं आणि ते पहिल्यांदाच जावयाला तोंडावर बोलले, की तुमच्या दिव्यांच्या अन् हॉर्नच्या वायरींनीच गाडीचा सत्यानाश केला. तो मान खाली घालून ऐकत राहिला.

मी तोवर गाडीखाली गेलो होतो. ब्रेकचे लायनर ठीक. ऑइल ठीक. मग ती दांडी दिसली, आणि तिच्यामागोमाग वर बघत गेलो तर टोकाला ब्रेकचा व्हॉल्व. वजनाने गाडी खाली बसली की दांडी तो व्हॉल्व फिरवते आणि मागच्या ब्रेकला पूर्ण जोर मिळतो. मी पाटे वाढवले, आता गाडी बसतच नव्हती. एवढी वांगी भरूनही तिला आपण रिकामीच आहोत असं वाटत होतं, म्हणून मागचा ब्रेक जेमतेमच लागत होता. ज्याला मी अडाणी समजत होतो त्याने नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं.

मी गाडीखालीच पडून राहिलो. गप्प बसलो असतो तरी भागलं असतं. जावयाला कुणी घराबाहेर काढत नाही. मला काढू शकत होते. पण बाहेर काकू हळद उगाळत होत्या, तो आवाज ऐकू येत होता.

बाहेर आलो. "काका, वायरींचा दोष नाही. पाटे मी घातले, चूक माझी. यांनी काल विचारलं होतं, मी उडवून लावलं."

काका वाकून गाडीखाली बघायला लागले. बोलल्या काकू, दारातून, कपाळाला हळद लावून. "काढून टाक ते पाटे. माल कमी भरू. अन् उद्या मी पुढंच बसतो. पैले जेवाले चाल."

दुपारी पाटे काढले. जावयाने टॉर्च धरला, तोही माझ्या डोळ्यांवर, आणि तो व्हॉल्व कसा चालतो ते मोबाइलमध्ये बघून मला समजावत राहिला. सगळं बरोबर सांगत होता. ते ऐकून घेणं पाटे उचलण्यापेक्षा जड गेलं.

दुसऱ्या दिवशी उतार आला तेव्हा काकूंनी एक हात डॅशबोर्डवर टेकवला. रस्ता मोकळा होता, तरी मी ब्रेक दाबला. गाडी मागून धरल्यासारखी जागच्या जागी थांबली.

"काऊन थांबला रे?"

"बघत होतो."

काकूंनी हात काढून मांडीवर ठेवला. "पाहून झालं असन तं चाल. सांबार सुकून राह्यला."