वारा आला की हात सुटतो

मलकापूरला गाडीत बसले तेव्हा पिशवीत ज्वारीचं पीठ होतं आणि ठेच्याची बरणी होती. देऊळघाटहून सासूबाई फाट्यापर्यंत सोडायला आल्या होत्या. घरात आम्ही दोघीच, त्यामुळे मागे वळून बघायचं मी टाळलं.

चेन्नईला गाडी बदलून तिसऱ्या दिवशी सकाळी रामेश्वरच्या अलीकडच्या एका लहान स्टेशनावर उतरले. धाकटी बहीण शोभा न्यायला आली होती. ती तिथल्या पतंगांच्या कॅम्पवर स्वयंपाक करते. पतंग म्हणजे आपला संक्रांतीचा नव्हे. हा खोलीएवढा असतो, त्याच्या काठाच्या नळीत पंपाने हवा भरतात. त्याच्या दोऱ्या कमरेच्या पट्ट्याला अडकवून माणूस पायाखाली फळी घेतो आणि पाण्यावरून सुसाट जातो. हे पतंग किनाऱ्यावर धरून सोडायला कॅम्पला एक माणूस हवा होता. शोभाने माझं नाव सांगितलं होतं. महिनाभर काम बघायचं, जमलं तर कायम ठेवायचं.

या ‘जमलं तर’नं मला दोन रात्री झोपू दिलं नाही. सातवीत शाळा सुटली, त्यानंतर मला कुणी काही शिकवलेलं नव्हतं.

ती जागा मात्र बघण्यासारखी आहे. वाळूचा एक लांबच लांब पट्टा समुद्राला बाहेर थोपवून धरतो आणि त्याच्या अलीकडे पाणी शांत पडून राहतं. कितीही आत चालत जा, पाणी गुडघ्याच्या वर, फार तर कमरेला. आणि कोमट, विसण घातल्यासारखं. तळाची वाळू दिसते, आपली बोटं दिसतात. मी पहिल्या दिवशी साडी खोचून बराच वेळ नुसती उभी राहिले. शोभा म्हणाली, “ताई, घाबरू नको. इथं कोणी बुडत नाही.”

कॅम्पचे मालक सेल्वम. वय पन्नाशीचं, हिंदी मोडकी, पण शिकवायची हातोटी मोठी. वाऱ्याला ते काथु म्हणायचे. जमिनीवरून समुद्राकडे काथु असला तर पतंग काढायचाच नाही, कारण माणूस बाहेर ओढला जातो. समुद्राकडून सरळ अंगावर आला तरी नको, तो वाळूत आणून टाकतो. बाजूने, किनाऱ्याला धरून वाहणारा तो चांगला. अकराच्या सुमारास सुरू होतो आणि चार-पाचपर्यंत एकसारखा राहतो. मी वाळूची मूठ वर धरून हळूहळू सोडायचे आणि ती कुठे झुकते ते बघायचे. खळ्यावर आम्ही कुटार, म्हणजे भुसा, असंच सोडून बघतो. सेल्वम आधी हसले. नंतर शिकायला आलेल्यांना म्हणू लागले, अक्का (मोठी बहीण) करते तसं करा. त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. वाऱ्याने पिठात वाळू गेलेली होती, दाताखाली करकरत होती, तरी खाल्ल्या.

काम तसं सोपं. पतंग दोन्ही हातांनी आडवा धरायचा. समोरचा माणूस मागे सरकत दोऱ्या ताणतो, कापडाची फडफड थांबते, मग तो अंगठा वर करतो. तेव्हाच हात उघडायचे. सेल्वम रोज बजावायचे, “अक्का, थम्ब देखो. काथु मत देखो.”

तिसऱ्या आठवड्यात पुण्याच्या नीलाताई आल्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, एकट्याच. माझी भाकरी त्यांनी मागून घेतली. मी म्हणाले, “मले वाटलं तुम्हाले तिखट लागंल.” तर डोळे पुसत म्हणाल्या, “लागतंय हो. पण तुमचं ‘मले-तुम्हाले’ ऐकत दुसरी खाते.” चार दिवस त्या पाण्यात आपटत, उठत, खारं पाणी थुंकत राहिल्या. फळीवर उभं राहणं काही जमेना. पाचवा दिवस शेवटचा. संध्याकाळची त्यांची गाडी होती.

त्या दिवशी ढग होते. वारा नेहमीसारखा एकसारखा नव्हता, थांबून थांबून येत होता. सेल्वम पाण्यात दुसऱ्या कुणाला शिकवत होते. नीलाताई कमरेचा पट्टा नीट करत होत्या, मान खाली होती. मी पतंग धरून उभी. तेवढ्यात मागून वाऱ्याचा झोत आला आणि माझे हात उघडले.

मी उघडले नाहीत, ते उघडले. लहानपणापासून मी तिवईवर उभी राहून धान्य उपणते आहे. टोपलं डोक्याच्या वर धरायचं, वाऱ्याची वाट बघायची, तो आला की सोडायचं. त्याला विचार लागत नाही. तीच सवय नडली.

पतंगाने नीलाताईंना उचललं आणि उथळ पाण्यात आपटलं. बुडण्याची भीती नाही हे खरं, पण तिथे तळही दूर नसतो. गळ्याजवळचं हाड मोडलं.

दवाखान्यातून परत येताना शोभा माझ्या कानाला लागली, “ताई, अंगठा दिसला म्हण. कोणं पाह्यलं?” मी काही बोलायच्या आधी, हात गळ्यात बांधलेल्या नीलाताईच सेल्वमना म्हणाल्या, “अंगूठा मैंने दिखाया था. गलती मेरी है.” हे त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. माझ्यासाठी कुणी एवढं खोटं बोललं नव्हतं. मी आयुष्यभर त्यांची ऋणी राहीन.

सेल्वम मात्र माझ्याकडे बघत होते. “अक्का, थम्ब देखा?”

“नाही,” मी म्हणाले. “माहाच हात सुटला.”

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. स्वयंपाकघरात शोभा एकटी पुरेशी होती, आणि पतंग माझ्या हाती द्यायचा नव्हता. मी माझी पिशवी भरली. निघताना त्यांनी नारळ दिले, स्टेशनावर स्वतः आले आणि गाडी हलेपर्यंत उभे राहिले.

येताना खिडकीजवळ जागा मिळाली होती. बाहेर काय होतं ते आठवत नाही.

घरी आले तर तूर झोडपून पडलेली. घरापुरती आम्ही अजून वाऱ्यावरच उपणतो. सासूबाईंनी टोपलं भरून वर दिलं आणि मी तिवईवर उभी राहिले. थोड्या वेळाने वारा आला, चांगला, भरून आला. माझे हात वर तसेच घट्ट राहिले. खांदे भरून आले तरी बोटं उघडेनात.

“काऊन थांबली वं बाई?” सासूबाई खालून म्हणाल्या. “वारा आला ना.”

मी समोर बघत होते. समोर अंगठा वर करायला कुणी नव्हतं. टोपलं भरलेलं होतं आणि वारा निघून गेला होता.