जमलं नाही तर परत आणा

मकबूल पिंजारी एका जागी बसलेला कुणी पाहिला असेल तर त्यानं पुढं यावं. जेवता जेवता उठायचा, गिऱ्हाईक बोलत असताना गादीची शिवण चाचपायला जायचा, नमाजहून येताना उगीच दोन गल्ल्या जास्तीच्या फिरून यायचा. बायको रहमतबी म्हणायची, या माणसाच्या पायाला अल्लानं भिंगरी बांधूनच पाठवलंय. पण लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात मकबूल जो हिंडायला लागला, तो भिंगरीमुळं नव्हे. त्याच्या जिवाला घोर लागला होता, आणि तो घोर त्याच्याच अंगणात साखळीला बांधलेला होता. चांदणी नाव तिचं.

चांदणी कारवानी जातीची कुत्री. उंच, लांब तोंडाची, पोट पाठीला लागलेली. नव्या माणसाला वाटावं की मालक हिला खायला घालत नाही. पण शिवारात एकदा सोडून बघा, म्हणजे कळेल देवानं तिला कशासाठी घडवलंय. ही जात घरी आली ती भूकंपातून, आणि ती कशी आली हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

भूकंप झाला तेव्हा मकबूल निलंग्यात बापाच्या दुकानात कापूस पिंजायचा. गणपती बुडवून लोक झोपले होते आणि पहाटे जमीन हलली. दगडामातीची गावं माणसांसकट खाली बसली. थंडी तोंडावर होती. मकबूलनं कापूस पिंजून पांघरायचे लेप भरायला घेतले आणि पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्यांना नेऊन द्यायला लागला. पैशाचं नाव काढलं नाही. तिथं ग्यानोबा नावाचा एक शेतकरी होता. घर आणि बायको त्याच पहाटे गेलेली. उरली होती शेतात व्यालेली कारवानी कुत्री आणि तिची पिल्लं. फुकटचा लेप घ्यायला ग्यानोबाचा हात पुढं येईना. शेवटी त्यानं एक पिल्लू उचललं आणि मकबूलच्या पदरात टाकलं.

"आमच्यात हे पिल्लू विकत न्हाईत, देतेत," तो म्हणाला. "पोस. जमलं न्हाई तर परत आन. दुसऱ्याच्या गळ्यात बांधू नको, रस्त्यावर सोडू नको. मी का म्हनून इचारनार न्हाई."

त्या भागातली ही जुनी रीत. पिल्लू नेणाऱ्यानं गुळाचा खडा आणायचा. पुढं जमलं नाही आणि कुत्रं परत आणलं, तर देणाऱ्यानं त्याच्या हातावर गूळ ठेवायचा, म्हणजे मनात अढी राहत नाही. एक मात्र होतं. ज्यानं परत आणलं त्याला त्या घरचं पिल्लू पुन्हा कधी मिळत नसे. गूळ गोड, पण दार बंद.

मकबूलनं ते पिल्लू जिवापाड पोसलं. रहमतबीच्या दोनच अटी, कुत्रं अंगणात, उंबऱ्याच्या आत नाही, आणि नमाजाचे कपडे वेगळे. मकबूलनं दोन्ही पाळल्या. त्या कुत्रीची लेक, तिची लेक, असं करत चांदणीपर्यंत वंश आला. जोडीचा नर दर वेळी ग्यानोबाच्या गावचा. होणारी पिल्लं मकबूल रीतीप्रमाणं देत आला आणि प्रत्येकाला तेच वाक्य सांगत आला. इतक्या वेळा सांगितलं की सलामालेकुमसारखं ते जिभेवर बसलं.

मधल्या काळात लातूरला शिकवण्यांचं पेव फुटलं. अख्ख्या महाराष्ट्राची पोरं डॉक्टर व्हायला इथं येऊन पडली. पोरं आली म्हणजे खोल्या आल्या, खोल्या आल्या म्हणजे गाद्या आल्या. मकबूल निलंगा सोडून लातुरात आला आणि गंजगोलाईच्या मागं दुकान थाटलं. काही वर्षं त्याला श्वास घ्यायला उसंत नव्हती. मग फोमच्या गाद्या आल्या आणि कापसाला कुणी विचारीना. आणि नेमकी त्याच वेळी त्याची धाकटी मनतशा बारावीला गेली. ज्या पोरांच्या पाठीखाली बापाच्या गाद्या होत्या, त्यांच्या बाकावर बसायचं तिनं ठरवलं. ठरवणं सोपं असतं. शिकवणीवाले गादी घेऊन फी सोडत नाहीत.

अशा वेळी नांदेडहून भाचा आला. जावेद. देगलूर नाक्याला त्याचं पक्ष्यांचं, माशांचं आणि हल्ली कुत्र्यांचं दुकान. त्याच्याकडं एक हस्की होता, बर्फातला कुत्रा, नांदेडच्या उन्हात दिवसभर कूलरपुढं तंगड्या पसरून पडलेला. जावेदनं चांदणीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "मामू, लोकांना आता शुद्ध जात नको, नवी जात पायजे. तुमची कुत्री उंच, माझा नर गोरा, निळ्या डोळ्यांचा. जोड लावू. नाव बी काढलंय मी, कारस्की."

मकबूल आठवडाभर सायकल घेऊन गावभर फिरला. त्याला माहीत होतं की हे बरं नाही. बर्फाचं कातडं आणि रानाचे पाय एका जिवात भरायचे आणि तो जीव तिसऱ्या मजल्यावर नेऊन बांधायचा, याला काय म्हणायचं? पण घरी आलं की मनतशा पुस्तकावर वाकलेली दिसायची. त्यानं हो म्हटलं.

चांदणीला पाच पिल्लं झाली. डोळे उघडले तेव्हा पाचही पिल्लांचे निळसर. आता कुठल्याही कुत्र्याच्या पिल्लाचे डोळे उघडताना निळसरच असतात, पुढं रंग फिरतो. हे मकबूलला ठाऊक होतं, जावेदलाही होतं, घेणाऱ्यांना नव्हतं. जावेदनं फोटो काढले आणि पिल्लं दूध सोडायच्या आत विकली गेली. सगळ्यात गोंडस पिल्लू उमादेवी मॅडमनी घेतलं. औसा रोडला त्यांची मोठी शिकवणी आणि वर पोरांचं वसतिगृह. मनतशा त्यांच्याकडंच शिकायची.

आणि इथं मकबूलनं ती चूक केली, जी दुसऱ्या कुठल्याही धंदेवाल्यानं केली नसती. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हाती पिल्लू देताना त्याच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "जमलं न्हाई तर परत आना. मी का म्हनून इचारनार न्हाई." जावेदनं कपाळावर हात मारला. मामू, विकलेल्या मालाची अशी हमी द्यायची नसते, असं तो परोपरीनं सांगत राहिला. मकबूल ओशाळला, पण बोललेलं गिळता थोडंच येतं?

उन्हाळा लागला आणि माल परत यायला लागला. पहिलं पिल्लू आलं ते डोळे तपकिरी झाले म्हणून. दुसऱ्यानं स्कूटीमागं धावून दोघांना पाडलं. तिसऱ्याच्या अंगावर केस जायला लागून खाली लालभडक कातडं दिसत होतं, आणि चौथं एका डॉक्टरच्या फ्लॅटमधून आलं, दिवसरात्र दार खरवडतं म्हणून. मकबूल प्रत्येक वेळी आत जाऊन गुळाचा खडा आणायचा आणि परत आणणाऱ्याच्या हातावर ठेवायचा. लोक त्या गुळाकडं बघत राहायचे. हा माणूस चिडवतोय की काय, त्यांना कळायचं नाही. कुणी पैसे मागितले तर मकबूलकडं ते उरलेच नव्हते, ते शिकवणीत गेलेले. मग तो म्हणायचा, गादी करून देतो. दोघांनी खरंच गाद्या नेल्या.

अंगणात चार कारस्की आणि पाचवी चांदणी. टँकर कधी यायचा त्याचा भरवसा नाही. पिल्लं दुपारी अशी धापा टाकायची की बघवत नसे. एका दुपारी मकबूल दुकानातून आला तर चौघं घरात, मोरीतल्या ओल्या फरशीवर पोट लावून झोपलेली. रहमतबी तोंड फिरवून भाकरी थापत होती.

पाचवं मे महिन्यात आलं. वसतिगृहाचा रखवालदार दारात उभा राहिला. हातात झेरॉक्सच्या कागदाचं खोकं. त्यानं ते खाली ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम म्हनल्या, तुमी परत घेता."

पिल्लू मेलेलं होतं. त्याचे डोळे मात्र खरंच निळे राहिले होते, पाचांत एकट्याचे.

रखवालदार भला माणूस, त्यानं सगळं सांगितलं. गच्चीवर पत्र्याखाली पिल्लू बांधलेलं असायचं. पोरं अभ्यास टाकून वर जायची, त्याच्या गळ्यात पडून रडायची. कुणाचे मार्क कमी, कुणाला घरची आठवण. चाचणी परीक्षा आली तशी मॅडमनी गच्चीला कुलूप लावलं, पोरांचं लक्ष विचलित होतं म्हणून. रविवारी दिवसभर परीक्षा चालली. किल्ली मॅडमच्या पर्समध्ये राहिली, आणि वर पाणी द्यायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

संध्याकाळी उमादेवींचा फोन आला. बाई वाईट नव्हत्या. पिल्लाचं त्यांना वाईट वाटलं, आणि मकबूलला ते खरं वाटलं. पण त्या थांबल्या नाहीत. पुढच्या वेळचं एक पिल्लू ठेवा म्हणाल्या, डोळे असेच हवेत, आता घरी खाली एसीत ठेवीन. आणि मनतशाचा निकाल जेमतेम लागणार हे आपल्याला दिसतंय, तिला आणखी एक वर्ष बसवा, फीचं मी बघते.

मकबूलनं खोकं उचललं, कापसाच्या जुन्या गोदामामागं खड्डा केला आणि पिल्लू पुरलं. आयुष्यभर त्यानं कापूस पिंजला होता. पुरताना मूठभर कापूस त्याच्याखाली घातला. मग त्याला रडू आलं, आणि रडता रडता त्याला स्वतःचा रागही आला.

त्याच आठवड्यात चांदणी माजावर आली. गल्लीतली कुत्री दारात जमायला लागली. नांदेडहून जावेदचा निरोप आला की शुक्रवारी हस्कीला घेऊन येतो. मकबूलची झोप उडाली. चांदणीच्या बरगड्या मोजून घ्याव्यात इतकी ती खंगली होती. पण रहमतबीनं एक दिवस ताट वाढता वाढता म्हटलंच, कुत्री आहे ती, पोरगी आपली इथं बसलीय. चुकीचं बोलली असंही नाही. आई होती ती.

मनतशाला सगळं कळलं होतं. भिंती पातळ आणि बापाची पावलं मोठी. तो अंगणातून फेऱ्या मारत असताना ती पुस्तक मिटून बाहेर आली.

"अब्बा, ते पिल्लू माझ्या फीसाठी जन्मलं आणि माझ्याच क्लासच्या गच्चीवर मेलं," ती म्हणाली. "मी खाली पेपर सोडवत होते. आता आणखी एक नको."

मग आत जाऊन तिनं पुन्हा पुस्तक उघडलं. डॉक्टर नाही झाले तर नर्सिंग करीन, हे ती आईला सांगत होती ते मकबूलनं ऐकलं.

एवढ्यावर गोष्ट मिटायला हवी होती. जावेदला नाही म्हणायचं, संपलं. पण मकबूलला स्वतःचा भरवसा राहिला नव्हता. एकदा हो म्हटलेल्या तोंडाला दुसऱ्यांदा हो म्हणायला कितीसा वेळ लागतो? पुढच्या वर्षी पुन्हा फी येईल, पुन्हा कुणी निळे डोळे मागेल. चांदणी घरात आहे तोवर तो मोह घरात आहे. आणि ती घरातून गेली तर भूकंपापासूनचा वंश गेला, कायमचा. तो दिवसभर दुकान ते घर, घर ते दुकान करत राहिला.

गुरुवारी गाद्यांचा टेम्पो निलंग्याकडं निघाला होता. मकबूलनं चांदणीला त्यात चढवलं.

ग्यानोबाचं गाव आता नव्या जागी, एकसारख्या नंबरच्या घरांचं. म्हातारा घरासमोर लिंबाखाली बाजेवर बसला होता. त्या पहाटेपासून तो स्लॅबखाली कधी झोपला नव्हता. टेम्पोतून मकबूल उतरला आणि मागोमाग चांदणी उतरली, तेव्हाच तो समजला.

"जमलं न्हाई, ग्यानोबा," मकबूल म्हणाला.

म्हाताऱ्यानं चांदणीच्या पाठीवरून हात फिरवला. बरगड्यांवर हात थोडा थांबला. मकबूल वाट बघत होता. सगळं सांगून टाकायचं म्हणून तो वाटभर शब्द जुळवत आला होता, जावेद, फी, गच्ची, कुलूप. शेवटी तोच म्हणाला, "इचार की. म्हंजे सांगतो."

"इचारत न्हाईत," ग्यानोबा म्हणाला.

रीत होती ती, आणि इतकी वर्षं मकबूलला ती दयेची वाटत आली होती. आज कळलं की तिच्यात दुसरंही काही आहे. न विचारलेलं माणसाला आपल्याच घरी परत न्यावं लागतं.

मग म्हाताऱ्यानं एवढंच विचारलं, "हिची पिल्लं?"

"चार हायेत. माझ्याकडं."

"त्येंच्या बापाचं घर कुठलं?"

नांदेडचं दुकान हे काही घर नव्हे. त्या चौघांना परत न्यायला या जगात दारच नव्हतं. बर्फाचा मुलूख त्यांचा नव्हता, हे शिवारही नव्हतं. कुणीतरी मागितली म्हणून ती झाली होती, आणि मागणाऱ्यांनी परत केली होती.

"घर न्हाई," तो म्हणाला. "मीच हाय."

ग्यानोबा उठला, आत गेला आणि येऊन मकबूलच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. चांदणी एकदाच टेम्पोपर्यंत आली. म्हाताऱ्यानं हाक मारली तशी वळली. तिच्या पणजीचं गाव होतं ते, तिला तिथली हाक परकी नव्हती.

परतीच्या वाटेवर मकबूलनं तो गूळ खाल्ला नाही आणि टाकलाही नाही. मुठीत धरून बसला. त्या उन्हात तो पाघळला आणि बोटांमधून चिकट ओघळ मनगटापर्यंत आला. ज्या चौघांच्या हातावर त्यानं गूळ ठेवला होता, त्यांचे चेहरे एकेक करून त्याला आठवले.

घरी आला तर चौघंही दारात. एकाचे केस गेलेले, एकाचा कान पडलेला, सगळ्यांची जीभ बाहेर. तो अंगणात पायरीवर टेकला तशी ती त्याच्यावर तुटून पडली आणि त्याचा हात चाटायला लागली, तळवा, बोटं, मनगट. शुक्रवारी जावेद येईल, मॅडमचा फोन येईल, मनतशाचा निकाल लागेल, हे सगळं पुढं होतंच. रहमतबी पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली. तिनं रिकामी साखळी पाहिली, नवऱ्याकडं पाहिलं आणि म्हणाली की उठा, हात धुवा.

"बसू दे जरा," मकबूल म्हणाला.