आडवं पडायला निमित्त

पंचेचाळिशीत मला थकवा यायला लागला तेव्हा घरात सगळ्यांना गंमत वाटली. मी नांदेडच्या एका कॉलेजात क्लार्क आहे. दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या बाईला थकायला काय झालं, असा आमच्या ह्यांचा रोखठोक सवाल होता. ह्यांना स्वतःला साधी सर्दी झाली तरी घरात दुखवटा असतो. टीव्हीचा आवाज कमी, आलं घालून चहा, मुलांनी पाय न वाजवता चालायचं. मी मात्र सकाळी उठायचे तीच दमलेली. केस गळत होते, आवाज घोगरा झाला होता, चेहरा सुजल्यासारखा दिसायचा. मे महिन्यात, नांदेडच्या उन्हात, कूलरसमोर मला थंडी वाजायची आणि मध्येच छातीपासून कपाळापर्यंत अंग भाजून निघायचं. पाळीला तर कसला धरबंधच उरला नव्हता.

डॉक्टर केले. पहिल्यांनी माझ्याकडे न बघताच कॅल्शियम लिहून दिलं. दुसऱ्यांनी वय विचारलं आणि आकडा ऐकून पेन खाली ठेवलं. त्यांच्या लेखी निदान तिथंच संपलं होतं. तिसरे भले गृहस्थ होते. म्हणाले, "मॅडम, मन रमवा. कॉलनीत भजनी मंडळ वगैरे नाही का?" मी म्हणाले, आहे, पण तिथं टाळ उचलावा लागतो. ते हसले नाहीत, झोपेची गोळी लिहून दिली.

शेवटी कॉलेजातल्या एका मॅडमनी एका डॉक्टरीणबाईंचं नाव सुचवलं. वयानं पोरगीच होती. तिनं जीभ बघितली, डोळ्यांखालची कातडी ओढून बघितली, रक्त तपासायला पाठवलं आणि रिपोर्ट आल्यावर समजेल अशा भाषेत सांगितलं, की थायरॉइड मंदावलंय, रक्त कमी आहे आणि पाळी जायचे दिवसही जवळ आलेत, तिन्हींची एकदम गाठ पडली आहे. मी तिच्यासमोर ढसाढसा रडले. ती बिचारी घाबरली, काळजीचं काही नाही म्हणाली. तिला काय सांगू, मला आजार आहे या आनंदानं मी रडत होते.

आनंद घरी येईपर्यंत टिकला. ह्यांनी थायरॉइडची गोळी तळहातावर घेऊन बघितली. ती हरभऱ्याच्या दाण्याएवढीसुद्धा नव्हती. "एवढीच ना? मग काही विशेष नाही," असं म्हणून ते जेवायला बसले आणि वाढायला मलाच उठावं लागलं. आमच्याकडे आजाराला पण प्रतिष्ठा असते. सलाइन लागलं तर पाहुणे येतात. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घेणाऱ्या बाईला कुणी आजारी म्हणत नाही.

हे मला कळलं होतं, पण त्याचा अर्थ अक्कानं शिकवला.

अक्का माझी थोरली बहीण. लातूर जिल्ह्यात, अहमदपूरच्या पुढं एका खेड्यात दिलेली. घरची शेती, दोन म्हशी, खाष्ट सासू, आणि दाजी म्हणजे आईच्या पुढं तोंड न उघडणारा भला माणूस. पुतणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला ती सगळी नांदेडला आली होती. वजिराबादेत साड्यांच्या दुकानात गादीवर बसल्या बसल्या अक्का साड्यांच्या ढिगावर कलंडली आणि झोपली. तिच्या घरच्या बायका हसायला लागल्या. एकीनं तर मोबाइलवर फोटो काढला. मी मात्र तिचा सुजलेला चेहरा बघितला, घोगरा आवाज ऐकला आणि दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले.

तिचा रिपोर्ट माझ्यापेक्षा वाईट होता. रक्ताचा आकडा डॉक्टरांनी दोनदा वाचला. कित्येक महिने पाळीत अक्काला इतकं जात होतं की जुनी लुगडी फाडून पुरत नव्हती, आणि हे तिनं कुणाला सांगितलंच नव्हतं. सोनोग्राफीत गर्भाच्या पिशवीला एक बारकी गाठ दिसली. डॉक्टर म्हणाल्या, "या गाठीनं काही होत नाही, नुसतं लक्ष ठेवू. पिशवीला हात लावायची गरज नाही. थायरॉइडची आणि रक्ताची गोळी नेमानं घ्या, रक्तस्राव कमी व्हायचं औषध देते, आणि थोडे महिने जरा आराम. फरक पडेल."

ऑटोत बसल्यावर अक्का पडल्या चेहऱ्यानं म्हणाली, "म्हंजे आप्रेशन न्हाई करायचं?"

"नाही. सुटलीस."

"कशाची सुटले? गोळी खाणाऱ्या बाईला कोण निजू देतंय गं?"

मग तिनं मला सांगितलं. तिच्या गल्लीत बहुतेक बायकांच्या पिशव्या काढून झाल्या होत्या. तिच्या जावेची मागल्या साली काढली. "सव्वा महिना घागर उचलली न्हाई तिनं. कानाला रुमाल बांधून निजून राहिली होती. आमची सासू, जी कुणाला पाणी इचारत न्हाई, ती तिला डिंकाचे लाडू करून देऊन राहिली होती. बाळंतपणानंतर बाईला तेवढंच मिळतंय बघ."

मी तिला ऑटोवाल्यादेखत झाप झाप झापलं. झोपायला मिळावं म्हणून पोट फाडून घेणारी बाई मी पहिल्यांदा बघतेय, म्हणाले. डोकं ठिकाणावर आहे का, म्हणाले. ती शांतपणे बाहेर बघत होती.

"तुला काय," ती म्हणाली. "तुला इतवार असतोय."

मी दाजींना बसवून सगळं समजावलं. गोळी कशी घ्यायची, त्यानंतर थोडा वेळ चहासुद्धा घ्यायचा नाही, ओझं उचलायचं नाही. त्यांनी "हाव, हाव" म्हणून माना डोलावल्या. घरी गेल्यावर त्यातलं एक टिकलं नाही. अक्का भल्या पहाटे उठून सगळ्यांचा चहा करायची आणि स्वतः मात्र कपाला हात लावायची नाही. सासूला वाटलं, ही नवी थेरं. "च्या न पिता बसायला ही काय म्हाराणी हाय?" आठ-पंधरा दिवसांनी अक्का सगळ्यांबरोबर चहा प्यायला लागली. गोळी आठवली तर घ्यायची. आराम तर विषयच नव्हता, कारण गोळी चालू होती ना. ती सोयाबीन काढायला जात होती, तिथं धुऱ्यावर, बांधाच्या आडोशाला जाऊन कापड बदलत होती आणि परत विळा हातात घेत होती. मला हे फोनवर कळायचं आणि मी फोनवरच शिव्या घालायचे. त्या तिला ऐकून पाठ झाल्या होत्या.

एक दिवस ती शेतात चक्कर येऊन पडली. तेव्हा कुठं लातूरला नेलं. तिथल्या डॉक्टरनं एकच विचारलं, "मुलंबाळं झालीत ना? मग पिशवी ठेवून करायचंय काय?" जाता जाता ते असंही म्हणाले, की अंडाशयं पण काढून टाकू, पुन्हा कटकट नको. सासूनं लगेच होकार दिला, पण तारीख तिनं ठरवली. रास होऊन सोयाबीन घरात आल्यावर. मधले दिवस अक्का रक्त वाहत काम करत राहिली, आणि मला वाटतं, ती सुखात होती. दिवस मोजत होती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी रजा टाकून लातूर गाठलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात नांदेडचे रिपोर्ट उघडून भांडले. अंडाशयं काढली तर पाळी एका रात्रीत जाईल, हाडांना त्रास होईल, अंग भाजायचं दुप्पट होईल, आणि थायरॉइड आहे तिथंच राहील, सगळं ओरडून सांगितलं. डॉक्टर म्हणाले, पेशंटच्या घरच्यांचा निर्णय आहे. सासू म्हणाली, "तुमच्या नांदेडच्या बाईनं गोळ्या देल्त्या की. आला का फरक?" दाजी बूट बघत होते. मी अक्काकडे वळले. बाटलीतलं रक्त चढत होतं तिला, ओठ पांढरे होते.

"मलाच काढायचीय," ती म्हणाली. "तू जा आता."

मी जिन्यात बसून तिला मनसोक्त शिव्या दिल्या.

ऑपरेशननंतर मी तिला भेटायला गावी गेले. मधल्या घरात बाज टाकली होती. दार लोटलेलं, कानाला रुमाल, अंगावर नवी गोधडी. सासूनं माझ्यासमोर तिला हळदीचं दूध आणून दिलं. गल्लीतल्या बायका नारळ घेऊन येत होत्या आणि तिची विचारपूस करत होत्या. आमचं बोलणं चाललं असताना बाहेर म्हैस ओरडली तरी अक्का उठली नाही.

"बघ," ती कुजबुजली, "कुणीच हाका मारून न्हाई राहिलं."

ती हसली. लग्नानंतर मी तिला इतकी खूश कधी बघितली नव्हती. खरं सांगते, मला तिचा संताप आला नाही, हेवा वाटला. मीही तशीच थकलेली होते, आणि मला परतीची एसटी पकडून रात्रीचा स्वयंपाक करायचा होता.

मग तिचं आजारपण संपलं. सासूनंच संपवलं. जखम वाळली, चूल हातात आली. आता पिशवीच नाही तर गोळ्या कशाला, म्हणून त्या बंद केल्या. आणि मी व्हरांड्यात ओरडले होते ते एकेक करून यायला लागलं. भर थंडीत तिचं अंग भाजायचं, घामानं चोळी भिजायची, गुडघे धरायचे, झोप उडाली. थकवा तर जिथं होता तिथंच होता. पण आता तो बोलून दाखवायची सोय उरली नव्हती. ती बसली की घरातलं कुणीही म्हणायचं, आता तर सगळं काढून आणलंय, आता कसला थकवा? माझे हे सुद्धा म्हणाले, अक्कांना सवय लागलीय.

परवा दुपारी तिचा फोन आला. परसातून बोलत होती, हळू आवाजात.

"तुझ्या त्या डॉक्टरीणबाईला एक इचारशील का?"

मला बरं वाटलं. म्हटलं, विचार ना.

"बाईच्या अंगात आणखी काय काय असतंय गं, काढलं तरी चालंल असं?"

ती चेष्टा करत नव्हती. मी म्हणाले, अक्का, गोळी सुरू कर, मी पाठवते, तू नुसती गोळी सुरू कर.

"गोळी नको," ती म्हणाली. "आप्रेशनचं इचार." आणि कुणीतरी हाक मारली म्हणून तिनं फोन ठेवला.