सव्विसावं मूल

शेवंती दशरथ खांबे. वय बत्तीस. शिक्षण सातवी उत्तीर्ण. राहणार जोगेश्वरी पूर्व. व्यवसाय: नाही. पद: मानसेवी बालसेविका. सदर महिला सकाळी साडेआठ ते सायंकाळी साडेचार समाजसेवेच्या प्रेरणेने पाळणाघरात उपस्थित असते. तिला दरमहा मिळणाऱ्या रकमेस पगार म्हणू नये, मानधन म्हणावे. रजा लागू नाही, कारण नोकरी लागू नाही.

हा मजकूर पाळणाघर चालवणाऱ्या संस्थेच्या १९८४ सालच्या कागदांतला. त्याखाली शेवंतीची सही आहे. ‘मी कुठेही नोकरी करत नाही’ असं ती दर एप्रिलात लिहून देई. न दिल्यास मेपासून मानधन बंद.

बायका कामाला जातात हे सरकारच्या लक्षात आलं सत्तरच्या दशकात. त्यांची मुलं दिवसभर कुठे असतात, हा प्रश्न त्यापाठोपाठ आला. मग पैसा सरकारने द्यायचा, कारभार संस्थेने बघायचा आणि मुलं शेवंतीने सांभाळायची, अशी जबाबदारीची वाटणी झाली. मुलं पाच वर्षांखालची हवीत, आई कामकरी किंवा आजारी हवी, आणि पटावर नेमकी पंचवीस हवीत. चोवीस झाली की अनुदानाला कात्री लागे, सव्वीस झाली की खुलासा द्यावा लागे. जागा म्हणजे बुद्धविहारामागची पत्र्याची खोली. एप्रिल-मेमध्ये तिथे मुलं झोपत नसत, भाजत.

शेवंतीची मीरा दिवाळीपर्यंत आजीपाशी असायची. मग सासू भातकापणीला दापोलीकडे गेली ती डोळ्यांच्या दुखण्याने तिकडेच राहिली. दशरथ अंधेरीच्या कारखान्यात पहिल्या पाळीला. साडेतीन वर्षांच्या मुलीला दिवसभर ठेवायचं कुठे, हा प्रश्न घेऊन शेवंती संस्थेच्या चिटणीस नलिनीताईंकडे गेली.

“ताई, मीराचं नाव घाला ना पटावर. एक जागा होतेय जानेवारीत.”

“आई कामकरी पाहिजे, शेवंती.”

“मग मी इथं काय करते?”

“सेवा.” नलिनीताईंना हे म्हणताना वाईट वाटत होतं, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर व्यवस्थित दिसत होतं. “एप्रिलात सही केलीयस ना तू?”

“मग आजारी दाखवा मला.”

“आणि आजारी बाईच्या हाती पंचवीस मुलं द्यायची? कमाल करतेस.”

म्हणजे शेवंती धडधाकट होती म्हणून मीराला जागा नव्हती, आणि आजारी पडली असती तर शेवंतीला.

संध्याकाळी मुलाला न्यायला आलेल्या रत्नप्रभाने हे ऐकलं. ती बॉलपेनच्या कारखान्यात रिफिलमध्ये शाई भरायची. तिची बोटं कायम निळी.

“सोड की गं हे! माझ्याकडे चल कारखान्यात. पैसे पण जास्त. कामकरी झालीस की मीराला इथं हक्कानं घेतील.”

“घेतील ना. सांभाळेल कोण?”

रत्नप्रभाचा विद्याधर त्या वेळी शेवंतीच्या पदराला नाक पुसत होता. रत्नप्रभाने त्याच्याकडे पाहिलं. “ते पण आहेच म्हणा,” ती म्हणाली, आणि कारखान्याचा विषय तिने पुन्हा कधी काढला नाही.

शिवाय सेविकांना पुढच्या वर्षी कायम करणार होते. हे पुढचं वर्ष एकोणऐंशीपासून चालू होतं. मध्येच सोडणारीची ज्येष्ठता जाईल, असं बैठकीत सांगितलं जाई. जी नोकरीच नाही तिच्यात ज्येष्ठता कशी, हे कोणी विचारत नसे. विचारणारी कायम झाली नसती.

तेव्हा डिसेंबरपासून मीरा पटाबाहेर बसू लागली. नलिनीताईंना ती दिसत नसे, कारण मीराच्या कोपऱ्याकडे त्या बघत नसत. तपासणी असली की तिला त्या एका दिवसापुरतं शेजारच्या शांताबाईंकडे ठेवायचं, एवढं ठरलं होतं.

या तपासणीसाठी शेवंतीने एक युक्ती काढली होती. आई खरंच कामाला जाते याचा पुरावा तपासणीला येणारे सरकारी साहेब मागत, आणि धुण्याभांड्यांना बाई ठेवणारी कुठलीही मालकीण असं पत्र लिहून देत नसे. म्हणून शेवंतीने मुलांना शिकवलं: उभं राहायचं, हात जोडायचे, स्वतःचं नाव सांगायचं, मग आईचं काम. साहेब खूश झाले. संस्थेच्या वार्षिक अहवालात हा उपक्रम नलिनीताईंच्या नावावर छापून आला.

फेब्रुवारीतल्या तपासणीच्या दिवशी शांताबाई चेंबूरला लग्नाला गेलेल्या. शेवंतीने मीराला रांगेच्या टोकाला बसवलं. “एक शब्द बोलायचा नाही. कळलं?” मीराने मान हलवली.

साहेब खुर्चीत बसले. “हं, करा सुरू.”

“माझी आई चार घरची भांडी घासते.” “माझी आई पापड लाटते.” विद्याधर म्हणाला, “माझी आई शाई भरते,” आणि बसताना दोनदा वाकला. पंचवीस मुलं झाली. साहेबांनी पेनला टोपण लावलं.

मीरा उठली. एक मूल बसलं की पुढचं उठतं, हे ती दोन महिने रोजच्या सरावात बघत होती; रांग मध्येच संपते हे तिला कुणी दाखवलं नव्हतं. तिने हात जोडले.

“माझं नाव मीरा दशरथ खांबे. माझी आई पाळणाघरात काम करते.”

हे वाक्य तिला कुणी शिकवलं नव्हतं.

साहेबांनी पट पाहिला, मग मुलगी, मग शेवंती. माणूस वाईट नव्हता. त्यांना अजून दहिसरला जायचं होतं.

“बाई, तुम्ही काम करता इथे?”

हो म्हणावं, तर सहा वर्षांच्या सह्या खोट्या ठरत आणि पाळणाघर चौकशीत जाई. नाही म्हणावं, तर मीरा जाई. शेवंतीने नलिनीताईंकडे पाहिलं. नलिनीताई पत्र्याकडे बघत होत्या.

“नाही साहेब,” शेवंती म्हणाली. “सेवा करते.”

“मग ही?”

“भेटायला आलीय.”

“आज भेटली ना? उद्यापासून नको.” साहेब उठले. “मी पाहिली नाही, असं धरून चालू.”

नलिनीताईंनी चहा मागवला. मीराने हळूच विचारलं, “आई, माझं चुकलं?”

“नाही गं. एवढ्या सगळ्यांत तूच नीट सांगितलंस.”

अहवाल पुढच्या गुरुवारी सकाळी अकराला आला. नलिनीताईंनी तो उभ्यानेच वाचून दाखवला. मंजूर बालके पंचवीस, उपस्थित पंचवीस, अनधिकृत बालके निरंक. बालसेविका श्रीमती खांबे यांची सेवा समाधानकारक असून त्यामुळे परिसरातील कामकरी मातांची मुले दिवसभर सुरक्षित हाती आहेत.

मीरा त्या वेळी घरी, चाळीतल्या खोलीत एकटी होती. दाराला बाहेरून कुलूप होतं.